शुश्रूषा करणारीची शुश्रूषा

(रेवस येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)



रेवसला येऊन बोलायचं आणि रामदास बोटीचं नाव घ्यायचं नाही, हे जमण्यासारखं नाही. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट, दिवस गटारीचा, माणसं सणासाठी आपल्या गावी यायला निघालेली. काशाच्या खडकाजवळ बोट कलली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळी बांधवांनी होड्या वळवल्या, मासळीची पर्वा केली नाही आणि हाताला लागतील तेवढी माणसं ओढून वर घेतली. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको, तुमच्या आजोबा-पणजोबांनी सांगितलंच असेल.

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्यांनी त्या दिवशी माणसं ओढली, ज्यांच्या हातातून काही निसटलीही असतील, ते नंतर रात्री झोपले का? त्यांना पुढे पाण्याची भीती वाटली का? हे विचारायची तेव्हा रीतच नव्हती. आपल्याकडे शब्द होते, नाही असं नाही. 'धसका बसला' म्हणायचे. 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणायचे. नाहीतर 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून भगताकडे न्यायचे. पण वाचवणाऱ्याला काही होऊ शकतं, हे गृहीतच धरलेलं नव्हतं. वाचवणारा तो धडधाकट. त्याला काय व्हायचंय?

आजचा विषय हाच, फक्त माणसं वेगळी. ज्या बाया रोज, पगारावर, आठ-आठ तास आणि कधी सोळा तास हेच काम करतात, त्या परिचारिका. आपल्या सिस्टर. रायगडच्या या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुली नर्सिंग करून मुंबईच्या इस्पितळांत लागल्या. आज इथे काही जणी बसल्याही आहेत. त्यांच्या मनाचा इतिहास आपण थोडा पाहू या. आमचा व्यवसाय तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे मधूनमधून तिकडे वळलो तर सांभाळून घ्या.

एका शब्दापासून सुरुवात

'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थी वापरतो. पण त्याचं मूळ 'श्रु' या धातूत आहे. ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. जो ऐकायला उत्सुक आहे तो जवळ बसतो, जवळ बसतो म्हणून सेवा करतो, असा त्या अर्थाचा प्रवास झाला. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. खाटेला चार पाय असतात तसे. परिचारकाचे गुणही चार दिलेत. उपचाराचं ज्ञान, कामातलं कौशल्य, रोग्याबद्दल आपुलकी आणि स्वच्छता. बघा, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे परिचर्येला इतकं वरचं स्थान दिलेलं आहे. पण त्या यादीकडे जरा निरखून पाहिलं तर एक गोष्ट दिसते. आपुलकी, म्हणजे तिथला शब्द 'अनुराग', हा परिचारकाचा गुण म्हणून मागितला आहे. कौशल्य शिकून येतं, स्वच्छता सवयीने येते. अनुराग मात्र रोज खर्च होतो. तो भरून कुठून यायचा, याची सोय त्या यादीत नाही. आणि ती पुढेही फार काळ कुणी केली नाही.

प्लेग, विधवा आणि पांढरा पोशाख

आधुनिक परिचर्या महाराष्ट्रात आली ती मुंबईच्या मार्गाने. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. त्याच्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची. बायकांचं इस्पितळ, बायकांनी चालवलेलं. तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. १८९१ साली काशीबाई गणपत या शिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका, अशी नोंद परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत सापडते. त्यांच्याविषयी याहून जास्त काही वाचायला मिळत नाही. नाव आणि साल, एवढंच. एका अर्थी हेच या व्यवसायाचं भाग्य राहिलं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग दिसला. डॉ. आकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात हाहाकार. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. मुलींची शाळा आपण नेहमी सांगतो. त्यांचा शेवट शुश्रूषेत झाला, हे कमी वेळा सांगतो.

या थोर मृत्यूबद्दल आमच्या मनात आदर आहेच. पण समाजाने त्यातून जो धडा घेतला तो थोडा सोयीचा घेतला. सेवा करणारीने स्वतःला विसरायचं. झिजायचं. चंदनासारखं, मेणबत्तीसारखं. उपमा पाहा, सगळ्या संपून जाणाऱ्या वस्तूंच्या आहेत.

रमाबाई रानडे यांचं काम इथे वेगळं वाटतं. पुण्याची सेवासदन १९०९ ची. १९११ च्या सुमारास त्यांनी ससून रुग्णालयात मुलींना, त्यातही तरुण विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली. तेव्हा परिचारिकेचं काम म्हणजे परक्या पुरुषांना हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, सगळ्या जातींची घाण काढायची. घरंदाज बाईने करू नये असं. म्हणजे त्या मुलींवर दुहेरी भार होता. दिवसभर वॉर्डातलं दुःख आणि बाहेर पडल्यावर लोकांची कुजबुज. रमाबाईंनी काय केलं? नुसतं 'धीर धरा' म्हणून पाठवलं नाही. राहायची सोय केली, वसतिगृह केलं, सोबत दिली. आज आपण ज्याला मानसिक आधाराची व्यवस्था म्हणतो, तिचा पाया हाच आहे. ड्यूटी संपल्यावर परत यायला आपल्यासारख्यांची एक जागा असणं.

दिव्याखालचा अंधार

आता थोडं बाहेर जाऊ. दिवा घेतलेली बाई, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सगळ्यांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धातून ती १८५६ मध्ये घरी परतली. त्यानंतर काय झालं हे मात्र शाळेच्या पुस्तकात नसतं. १८५७ मध्ये ती कोसळली. पुढची कित्येक वर्षं तिने बहुतांश अंथरुणात किंवा एका खोलीत काढली. भेटायला येणारे लोक नकोसे व्हायचे. ब्रुसेलोसिस नावाचा चिवट ताप तिला युद्धभूमीवर जडला असावा, असं आजच्या अभ्यासकांपैकी अनेकांचं मत आहे. सोबत खोल निराशाही होती. त्या अंथरुणातूनच तिने भारतातल्या सैन्याच्या आरोग्याचे कागद तपासले, अहवाल लिहिले. १९१० मध्ये, नव्वदीत गेली.

म्हणजे ज्या बाईच्या जन्मदिवशी, १२ मे ला, आपण परिचारिका दिन साजरा करतो, तिची अर्धी हयात आजाराशी झगडण्यात गेली. आपण तिचा दिवा घेतला, अंथरूण लपवलं. ते अंथरूणही दाखवलं असतं तर पुढच्या मुलींना बरं पडलं असतं. 'मला झोप लागत नाही, मला कुणी समोर नको वाटतं' हे म्हणताना त्यांना लाज वाटली नसती.

शब्द कसे आले

आपल्या देशापुरतं पाहिलं तर मूळ अडचण संख्येची होती. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला: सबंध देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये तेव्हा ३०० लोकांमागे एक. आकडे सुधारले, पण एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. आपल्या उपकेंद्रातली आरोग्य सेविका घ्या. नियमाने तिच्याकडे ५,००० लोक, आदिवासी किंवा डोंगरी भागात ३,०००. लसीकरण तिचं, बाळंतपण तिचं, रजिस्टर तिची आणि साथ आली की पहिली शिवीही तिलाच.

मनाच्या बाजूने पहिला मोठा अभ्यास लंडनचा. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी तिथल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात परिचारिका का सोडून जातात हे तपासलं. १९६० मध्ये त्यांचा निबंध आला. शिकाऊ मुलींपैकी जवळजवळ एक तृतीयांश अर्ध्यातच जात होत्या. मेन्झीसना दिसलं ते असं. मरण, वेदना, उघडं शरीर यांच्या सतत सहवासाने भीती निर्माण होते. ती भीती आवरायला रुग्णालयाने पद्धती बसवल्या होत्या. एका मुलीने एकाच रोग्याजवळ राहायचं नाही. कामाचे तुकडे करायचे. रोग्याला नावाने नव्हे, खाटेच्या नंबराने किंवा अवयवाने ओळखायचं. 'दहा नंबरचं लिव्हर.' जीव लागू नये म्हणून केलेली ही सोय. झालं उलटंच. जीव लावण्यासाठीच ज्या मुली या कामात आल्या होत्या, त्यांच्या हातून कामातलं समाधानच गेलं. भीती तशीच राहिली.

हे फार मोलाचं निरीक्षण आहे. आम्हाला ते चरकाच्या यादीचं उत्तर वाटतं. अनुराग टिकवायचा तर तो दाबून चालत नाही.

पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रॉइडनबर्गर यांनी 'बर्नआउट' हा शब्द रूढ केला. आपल्या मराठीत 'करपणं' म्हणता येईल. तव्यावर विसरलेली भाकरी करपते, तसं. यात भाकरीचा दोष किती आणि आचेचा किती, हा प्रश्न शब्दातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद रोग म्हणून नाही, तर नोकरीच्या जागी साचलेल्या ताणातून होणारी अवस्था म्हणून केली. म्हणजे निदान बाईचं करायचं नाही, कामाच्या जागेचं करायचं.

आणि १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी परिचारिकांबद्दल लिहिताना 'मॉरल डिस्ट्रेस' ही कल्पना मांडली. हे गृहस्थ तत्त्वज्ञानाचे, त्यामुळे आम्हाला जरा अभिमान आहे! आपण तिला 'नैतिक घुसमट' म्हणू. काय करणं योग्य आहे हे मला कळतं, पण ते करू दिलं जात नाही, किंवा करायला हात पुरत नाहीत. थकवा झोपेने जातो. घुसमट झोपेने जात नाही, कारण तिच्यात आपण काहीतरी चुकीचं करतोय ही टोचणी असते. सुट्टी देऊन ती बरी होत नाही.

केईएम आणि कामा

आता आपल्या घरातली दोन उदाहरणं.

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत म्हणा. १८ मे २०१५ ला गेल्या, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयात.

इच्छामरणाची चर्चा यावर खूप झाली. ७ मार्च २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. आम्ही आज त्यांच्या सहकारी परिचारिकांकडे पाहतो. हल्ला झाला तेव्हा परिचारिकांनी संप केला. मागणी साधी, सुरक्षिततेची. कपडे बदलायला नीट खोली नसणं ही बारीकसारीक गैरसोय नसते, हे त्या दिवशी कळलं. पुढे महापालिकेने अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचा विचार केला, तेव्हाही परिचारिकाच आडव्या आल्या. एका पिढीने दुसऱ्या पिढीला 'ओव्हर' द्यावी तशी ती जबाबदारी पुढे गेली. नव्याने लागलेल्या मुली, ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, त्याही त्यांना आपल्यातली एक मानून भरवत होत्या, दर १ जूनला वाढदिवस करत होत्या. न्यायालयानेही या सेवेची निकालात मुद्दाम वाखाणणी केली.

याचा अर्थ कसा लावायचा? आमचं मत असं की ती नुसती दया नव्हती. जे आपल्यापैकी एकीला झालं ते उद्या मला होऊ शकतं, ही भीती प्रत्येकीच्या मनात होती. ती भीती त्यांनी एकत्र उचलली. एकटीने उचलली असती तर ती आतून पोखरत गेली असती.

दुसरी गोष्ट २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची. कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. फाटकावरचे रखवालदार मारले गेले. वॉर्डात अंजली कुलथे नावाच्या सिस्टर ड्यूटीवर होत्या, त्यांच्याकडे वीस गरोदर बायका. दारं लावली, दिवे घालवले, सगळ्या बायकांना पँट्रीत नेऊन बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तर तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेलं. बाहेर गोळीबार चालू. बाळ सुखरूप जन्मलं.

ही शौर्यकथा सगळ्यांनी वाचली. पुढचा भाग अधिक शिकण्यासारखा आहे. त्या रात्रीने त्यांची पाठ लगेच सोडली नाही. पण त्यांनी कसाबला ओळखलं, कोर्टात साक्ष दिली, आणि साक्षीला जाताना परिचारिकेचा गणवेश घालून गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही बोलल्या. अमेरिकेच्या ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितलेत. आधी सुरक्षितता. मग जे झालं ते आठवून सांगणं आणि त्याचा शोक करणं. मग पुन्हा माणसांशी जोडलं जाणं. साक्ष देणं हे सांगणंच आहे. गणवेश घालून साक्ष देणं म्हणजे 'मी यातून गेले आणि मी अजून सिस्टर आहे' हे सांगणं. अर्थात प्रत्येकीच्या नशिबी कोर्ट आणि सुरक्षा परिषद नसते. बाकीच्यांनी कुणाला सांगायचं?

करोना आणि त्यानंतर

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने आधीच 'परिचारिका आणि सुईणींचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं. नेमकं त्याच वर्षी करोना आला. संघटनेच्या त्या वर्षीच्या अहवालात जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका आणि ५९ लाखांची कमतरता, असा हिशेब होता. आपल्याकडे तर ३ जूनला निसर्ग वादळही याच किनाऱ्यावर आदळलं. घरावरचे पत्रे उडालेल्यांत पीपीई किट घालून ड्यूटी करणाऱ्या बायकाही असणारच.

लोकांनी थाळ्या वाजवल्या. त्याच लोकांतल्या काहींनी सोसायटीच्या फाटकावर सिस्टरला अडवलंही. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त रोगी गेले. तिथल्या परिचारिकेच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. नळी तिच्या हातात, हवा नाही. त्याआधी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या. दोष कुणाचा हे ठरवायचं काम आमचं नाही. पण आया दुःखात, समाज संतापात, आणि ज्या बाईने त्या बाळांना दूध पाजलं होतं तिचं दुःख मोजायला कोणताही रकाना नाही, एवढं आम्हाला दिसतं. २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी संप केला तो भरती खासगी कंपन्यांकडे देण्याच्या विरोधात. वर्तमानपत्रांत ती पगाराची बातमी झाली. आम्ही ती मानसिक आरोग्याचीही बातमी मानतो. उद्या नोकरी आहे की नाही हे माहीत नसताना अनुराग कुठून आणायचा?

आपल्याकडे इथे कर्मयोगाचा दाखला लगेच दिला जातो. फळाची आशा धरू नका, काम करत राहा. गीता आम्ही बरीच वर्षं शिकवली, म्हणून सांगतो: तो उपदेश अर्जुनाला आहे, त्याच्या सेनापतीने रजा नाकारावी म्हणून नाही. आणि नीट बघा, अर्जुन आधी काय करतो? तोंड कोरडं पडलंय, अंग कापतंय, धनुष्य गळून पडतंय, हे तो मोकळेपणाने बोलतो. श्रीकृष्ण ते सगळं ऐकून घेतो. गीतेचा पहिला अध्यायच विषादाचा आहे. ऐकणं आधी, उपदेश नंतर.

म्हणूनच सुरुवातीचा शब्द. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सावरण्याची सुरुवात तिथून होते, आणि ऐकल्यावर कामाची जागा बदलावी लागते. एवढं बोलून आम्ही थांबतो.

प्रश्नोत्तरे

एक श्रोत्या (निवृत्त परिचारिका): सर, आमच्या वेळी रडायचं तर स्टोअररूममध्ये जाऊन रडायचो. आता मुलींना समुपदेशनाला जा म्हटलं तर 'मला वेडी ठरवतील' म्हणतात. काय सांगायचं?

उत्तर: ताई, तुम्ही पहिलं हेच सांगा, की मी स्टोअररूममध्ये रडायचे. सीनियर सिस्टरने हे सांगितलं की निम्मी लाज जाते. बोस्टनमध्ये नव्वदीच्या दशकात सुरू झालेली एक पद्धत आहे, श्वार्ट्झ राउंड. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, सगळे ठरावीक दिवशी एकत्र बसतात आणि एखाद्या केसने आपल्याला काय वाटलं एवढंच बोलतात. औषधाची चर्चा नाही, चुका काढणं नाही. याला पैसा लागत नाही, तासभर वेळ आणि मेट्रनची परवानगी लागते. आणि जिला खरोखर झोप नाही, जगावंसं वाटत नाही, तिला थांबवू नका, मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करणाऱ्याला कुणी वेडं ठरवत नाही.

एक श्रोते: आम्ही घरच्यांनी काय करायचं? माझी सून मुंबईला नाइट करते.

उत्तर: नाइट करून आली की तिला आधी झोपू द्या. पाहुणे, स्वयंपाक, पाणी भरणं, हे तिच्या उठण्यावर ठेवू नका. हा काही लहान उपाय नाही बरं का. आणि उठल्यावर 'आज काय झालं' एवढं विचारा. सांगितलं तर ऐका. तोडगा सुचवायची घाई करू नका. नाही सांगितलं तर चहा द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.